गोल नेमका कुठे आहे?

वाकडला दत्तमंदिर रस्त्याने चालत निघालं की इमारतींच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यांवर क्लासच्या पाट्या दिसायला लागतात. नीट, सीईटी, स्कॉलरशिप, फाउंडेशन. हिंजवडीत नोकरी करणारे आईबाप आणि चाकण-भोसरीत शिफ्ट करणारे आईबाप, दोघांचीही मुलं इथे एका बाकावर बसतात. रविवारी सकाळी टेस्ट होते आणि दुपारची जेवणं उरकेपर्यंत पालकांच्या मोबाइलवर मार्क येऊन पडतात. मधल्या वेळात काय घडतं ते बघायला मी अशाच एका क्लासच्या मागच्या खोलीत जाऊन बसलो. टेबलावर ओएमआर शीटचा, म्हणजे गोल भरून उत्तर देण्याच्या कागदांचा, गठ्ठा, समोर तरुण सर, त्यांच्या हातात साधा फोन. कागद ठेवायचा, वर फोन धरायचा. पडद्यावर चारही कोपऱ्यांना हिरव्या चौकटी उमटल्या की फोन आपणहून फोटो घेतो, बाजूला मार्क दिसतात, की पुढचा कागद. बटणसुद्धा दाबावं लागत नाही. मी नीट दिसावं म्हणून पुढे वाकलो, तसे सर म्हणाले, "काका, सावली पडतेय, जरा मागे व्हा ना."

सावलीचं पुढे सांगतो. आधी या फोनला दिसतं काय, ते पाहू.

त्याला प्रश्न माहीत नाहीत. पर्याय माहीत नाहीत. बेडकाच्या हृदयाला कप्पे किती, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. इतकंच काय, ज्याला आपण 'गोल' म्हणतो तोही त्याला गोल म्हणून ओळखावा लागत नाही. तो एकच गोष्ट मोजतो : अमुक जागी कागद किती काळा आहे. फोटोतल्या प्रत्येक टिंबाला शून्य ते २५५ मधला एक आकडा असतो. शून्य म्हणजे मिट्ट काळं, २५५ म्हणजे लख्ख पांढरं. त्या जागेवरच्या सगळ्या टिंबांची सरासरी काढली की झालं. ही बेरीज-भागाकाराची गोष्ट चौथीतलं मूलही करील. मला थक्क केलं ते त्या वाक्यातल्या 'अमुक जागी' या दोन शब्दांनी. कारण हातात धरलेल्या, किंचित कललेल्या, किंचित थरथरणाऱ्या कॅमेऱ्यासाठी कागदावरची कुठलीच जागा पुन्हा त्याच जागी नसते.

घरी आल्यावर मी एका भरलेल्या शीटचा फोटो काढला आणि संगणकावर एकच गोल पडदाभर मोठा करून पाहिला. हिशोब असा : साध्या १२ मेगापिक्सेलच्या फोटोत टिंबांच्या ४००० ओळी आणि प्रत्येक ओळीत ३००० टिंबं. ए-फोर कागदाची लांबी २९७ मिलिमीटर. कडेला थोडी जागा सोडली तरी कागदाच्या प्रत्येक मिलिमीटरला बारा टिंबं मिळतात. गोल चार मिलिमीटरचा धरला तर त्याची रुंदी ४८ टिंबं, आणि आतलं क्षेत्रफळ अठराशे टिंबांच्या आसपास. ज्या ठिपक्याकडे आपण क्षणभरही बघत नाही, त्याबद्दल कॅमेऱ्याकडे अठराशे साक्षी असतात.

आणि त्या साक्षी एकमुखी मुळीच नाहीत. लांबून गच्च काळा वाटणारा गोल जवळून पाहिला तर बॉलपेनच्या गरगर फिरवलेल्या रेघांचा गुंता निघाला. रेघांच्या मधून कागदाच्या पांढऱ्या फटी डोकावत होत्या. पेन जिथे जोरात दाबलं होतं तिथे कागद दबून शाईला तकाकी आली होती, आणि त्या तकाकीत ट्यूबलाइट चमकत होती. म्हणजे काळ्याकुट्ट भागाच्या मधोमध चक्क पांढरी टिंबं. एका बाजूला रेघ गोलाच्या बाहेर गेलेली, दुसऱ्या बाजूला कड रिकामी राहिलेली. हे सगळं मिळून सरासरी साठ-सत्तरच्या घरात येत होती. शेजारच्या रिकाम्या गोलाची दोनशेच्या वर. फरक इतका मोठा होता की फटी, तकाकी, बाहेर गेलेली रेघ, सगळं त्यात बुडून गेलं. एकेक टिंब फसवं असलं तरी अठराशे टिंबं एका सुरात सहसा फसवत नाहीत.

आता जागेकडे येऊ. फोन अगदी डोक्यावर, कागदाला समांतर धरणं माणसाला जमत नाही. जरा कलला की जवळची कड मोठी दिसते, लांबची लहान. कागदाचा आयत वेडावाकडा चौकोन होतो, गोल अंड्यासारखे लांबट होतात आणि पस्तिसाव्या प्रश्नाचा 'बी' असायला हवा तिथे 'बी' आणि 'सी'च्या मधली कोरी जागा येते. दोन गोलांच्या केंद्रांत जेमतेम सहा-सात मिलिमीटर अंतर. म्हणजे तीन मिलिमीटर चुकलं तरी मुलाचं उत्तर हुकलं.

यावरचा उपाय शीटच्या चार कोपऱ्यांत छापलेला असतो : चार काळे ठोकळे. पुष्कळ मुलांना ती नक्षी वाटते. फोटोत आधी हे चार ठोकळे शोधायचे. मूळ कागदावर ते कुठे आहेत हे माहीत आहे, फोटोत कुठे पडलेत हे आता कळलं. प्रत्येक ठोकळ्याची जागा सांगायला दोन आकडे, एक आडवा आणि एक उभा. चार ठोकळ्यांचे आठ. कॅमेरा कसाही कललेला, फिरलेला, जवळ-लांब असला, तरी सपाट कागदाचं त्याच्या फोटोशी असलेलं नातं फक्त आठ अज्ञात संख्यांत मावतं. आठ समीकरणं, आठ अज्ञातं. म्हणजे उत्तर एकच, आणि तेही पुरतं. पलंगावरची चुरगळलेली चादर चार कोपरे धरून ताणावी तसा तो वाकडा चौकोन पुन्हा सरळ आयत होतो आणि प्रत्येक गोल आपापल्या घरी जाऊन बसतो. तीन कोपऱ्यांनी हे भागत नाही, पाचव्याची गरज नाही. नेमके चार लागतात आणि कागदाला नेमके चारच असतात, हा योगायोग मला अजूनही फार सुंदर वाटतो.

एक अट मात्र आहे : कागद सपाट हवा. घडी पडली, कड वर उचलली गेली, तर आठ संख्या पुरत नाहीत. म्हणून काही शीटच्या काठाने बारीक काळ्या पट्ट्यांची रांग असते, प्रत्येक ओळीला एक. पूर्वीच्या स्कॅनरांत कागद चाकांवरून सरकत जायचा, तेव्हा 'आता पुढची ओळ आली' हे यंत्राला सांगायला ही रांग लागायची. कॅमेऱ्याला तीच रांग वेगळ्या कामाला येते : कागद मधेच वाकला असेल तर त्या ओळीपुरती दुरुस्ती करायला.

या सगळ्यात मला आपल्या चाकण-भोसरीच्या औद्योगिक पट्ट्याचं नातं दिसतं, आणि ते ओढूनताणून आणलेलं नाही. गाड्यांच्या कारखान्यांत इंजिनाच्या सुट्या भागांवर नखाएवढा ठिपक्यांचा चौकोन कोरलेला असतो, त्याला डेटा मॅट्रिक्स म्हणतात. त्याच्या दोन कडा अखंड असतात, आणि समोरच्या दोन कडांवर एक काळं, एक पांढरं असा क्रम. अखंड कडांवरून कॅमेरा ओळखतो की हा चौकोन कुठे आहे आणि कसा फिरलाय. काळ्या-पांढऱ्याच्या क्रमावरून मोजतो की आत घरं किती. कोपऱ्यातले ठोकळे आणि काठाची रांग, तीच जोडी. फक्त इथे कागदाऐवजी धातू, आणि सावलीऐवजी तेलाचा चमचमाट.

क्यूआर कोडचा जन्म तर सरळ मोटारीच्या सुट्या भागांतूनच झाला. जपानच्या डेन्सो कंपनीत १९९४ साली मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला, कारण भागांच्या खोक्यांवर दहा-दहा बारकोड चिकटवावे लागत आणि कामगार ते एकेक वाचून थकून जात. त्याच्या तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन नीट बघा. मधून कुठूनही सरळ रेघ मारली की काळं, पांढरं, काळं, पांढरं, काळं यांचं प्रमाण १:१:३:१:१ येतं. हारा यांच्या गटाने मासिकं, पत्रकं, खोक्यांवरची छपाई असं कितीतरी छापील साहित्य चाळून छपाईत सर्वांत क्वचित आढळणारं हे प्रमाण निवडलं, म्हणजे कॅमेऱ्याचा घोळ व्हायला नको. चौथा कोपरा मुद्दाम रिकामा ठेवला, म्हणजे उलटसुलट कळावं. ओएमआर शीटचा एक ठोकळा इतर तिघांपेक्षा वेगळा असतो तो याच कारणासाठी. आज डांगे चौकातल्या वडापावच्या गाडीवर पैसे देताना आपण तीच कारखान्यातली युक्ती वापरतो.

पण क्यूआर आणि उत्तरपत्रिका यांत एक मोठा भेद आहे, आणि तो जितका विचार करावा तितका गंभीर वाटतो. क्यूआर कोडमध्ये माहिती पुन्हा पुन्हा गुंफलेली असते. सर्वांत भक्कम प्रकारात तीस टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी मजकूर पूर्ण परत मिळतो. गोलांच्या बाबतीत असली कसलीच तजवीज नाही. मुलाने एका प्रश्नाचं उत्तर एकदाच, एकाच ठिपक्याने दिलेलं असतं. तो ठिपका चुकीचा वाचला गेला तर शेजारचे ठिपके त्याला सावरू शकत नाहीत. त्यामुळे सगळी काळजी ठिपक्याच्या आधी आणि नंतर घ्यावी लागते : कागदात, शाईत, उजेडात आणि माणसाच्या नजरेत.

कागद आणि शाईची ही गोष्ट सुरू झाली कॅमेऱ्याच्या खूप आधी. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या आयर्नवुड गावी रेनॉल्ड जॉन्सन नावाचे शाळामास्तर होते, विज्ञान शिकवायचे. लहानपणी बहिणींना भेटायला येणाऱ्या मुलांच्या गाड्यांच्या स्पार्क प्लगवर ते पेन्सिलीने रेघोट्या मारून ठेवायचे. पेन्सिलीतल्या ग्राफाइटमधून वीज वाहते, त्यामुळे ठिणगी भलत्या वाटेने जाई आणि गाडी सुरू होईना. मास्तर झाल्यावर पेपर तपासताना त्यांना हीच खोडी आठवली. पेन्सिलीची खूण जिथे आहे तिथे वीज वाहील, नाही तिथे वाहणार नाही! आयबीएमने १९३४ साली त्यांना नोकरीवर घेतलं आणि दशक संपण्याच्या आत '८०५' हे गुण मोजणारं यंत्र बाजारात आलं. त्यात बेरीज करायला चाकं-दाते नव्हते. जितकी बरोबर उत्तरं तितक्या वाटांनी वीज वाहायची, सगळा प्रवाह एकत्र व्हायचा आणि तबकडीवरचा काटा थेट गुण दाखवायचा. एका मुलाने खूण गडद केली, दुसऱ्याने फिकट, तर काय? जॉन्सननी प्रत्येक वाटेवर इतका मोठा रोध बसवला की पेन्सिलीच्या गडद-फिकटपणाने पडणारा फरक त्यापुढे नगण्य ठरला. हेच जॉन्सन पुढे १९५६ साली संगणकाची पहिली हार्ड डिस्क घडवणाऱ्या गटाचे प्रमुख झाले.

विजेऐवजी उजेडाने खूण वाचण्याचं काम आयोवा विद्यापीठातल्या एव्हरेट लिंडक्विस्ट यांनी १९५०च्या दशकात केलं. तेव्हापासून पुढची कैक वर्षं स्कॅनर आणि पेन्सिल यांची जोडी फुटली नाही. बऱ्याच यंत्रांत डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड वापरत. त्या उजेडात पेन्सिलीतला कार्बन काळाच दिसतो, पण कित्येक बॉलपेनांची रंगद्रव्याची शाई पारदर्शक होते. आपल्याला ठळक निळा दिसणारा गोल यंत्राच्या लेखी कोरा. एचबी पेन्सिलीचा आग्रह होता तो यापायी. पुढे दिसणाऱ्या उजेडावर चालणारी यंत्रं आली आणि पेन्सिलीच्या जागी काळं-निळं बॉलपेन आलं, जे रबराने पुसता येत नाही.

शीटवरचे गोल गुलाबी किंवा फिकट लाल का छापतात, याचं उत्तर घरी स्वतः पाहता येतं आणि प्रत्येक मुलाला ते एकदा तरी दाखवावंच. गणपतीच्या मखरासाठी आणतो तो लाल जिलेटीन कागद घ्या आणि त्यातून गुलाबी शीटकडे बघा. पांढरा कागद लाल दिसतो, गुलाबी गोलही लालच दिसतात, आणि त्यामुळे ते गोल, आतले आकडे, सगळं विरून जातं. उरतात फक्त मुलाने रंगवलेले ठिपके, कारण निळी शाई लाल उजेड गिळून टाकते आणि काळी दिसते. फोनला जिलेटीन लागत नाही. कॅमेऱ्याच्या आत प्रत्येक टिंबावर मुळातच एक इवलासा रंगीत पडदा असतो : निम्म्या टिंबांवर हिरवा, पाव टिंबांवर लाल, पाव टिंबांवर निळा. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांची ही रचना, १९७६ सालच्या पेटंटमधली. फोटोतला फक्त लाल भाग वेगळा काढला की छपाई नाहीशी होते आणि उत्तरं तेवढी शिल्लक राहतात. मी हे संगणकावर केलं तेव्हा नक्षीदार गुलाबी शीट एका क्षणात कोरा कागद झाली आणि त्यावर मुलाचे ठिपके आकाशातल्या चांदण्यांच्या उलट्या चित्रासारखे राहिले. मग त्याच कागदावर लाल पेनाने एक गोल भरला. माझ्या डोळ्यांना तो सगळ्यांत उठून दिसत होता; लाल भागात त्याचा मागमूसही नव्हता. 'फक्त काळे किंवा निळे बॉलपेन वापरावे' ही सूचना पर्यवेक्षक दरवेळी मोठ्याने का वाचतात, ते त्या दिवशी डोळ्यांनी पटलं.

आता सावली. कागदावर माझ्या डोक्याची सावली पडली की तिथला पांढरा कागदही दोनशेवरून नव्वदवर येतो, आणि उजेडात असलेला फिकटसा रंगवलेला गोल असतो शंभरावर. म्हणजे सावलीतला रिकामा गोल हा उजेडातल्या भरलेल्या गोलापेक्षा काळा. एकच सीमारेषा आखून 'याच्या खाली काळं, वर पांढरं' असं ठरवलं तर अनर्थ होईल. सीमारेषा कुठे आखावी यावर जपानचे नोबुयुकी ओत्सु यांनी १९७९ साली एक देखणी रीत दिली : सगळी टिंबं दोन गटांत अशी वाटा की प्रत्येक गटातली टिंबं आपसांत जास्तीत जास्त सारखी असतील. उजेड सगळीकडे सारखा असेल तेव्हा ती रीत अचूक रेघ शोधते. सावली पडली की मात्र ती काळा गट म्हणून सावलीच उचलते. मग कागदाचे लहान लहान तुकडे करून प्रत्येक तुकड्याची रेघ वेगळी आखतात. आणि त्याहून साधी, मला सर्वांत आवडलेली तोड अशी : गोलाची तुलना फक्त त्याच्या ओळीतल्या सोबत्यांशी करायची. ए, बी, सी, डी हे चारही गोल एकमेकांना इतके खेटून आहेत की सावली पडली तर चौघांवर सारखीच पडते. चौघांत एकच ठळकपणे काळा असेल तर तो भरलेला. गडद-फिकटपणाचा जो त्रास जॉन्सननी मोठ्या रोधाने मिटवला, तो इथे शेजाऱ्यांच्या साक्षीने मिटतो.

एवढं करूनही काही गोल उरतातच. एखाद्या मुलीने गोल न भरता आत नुसतं टिंब देऊन ठेवलंय, नंतर भरू म्हणून, आणि घंटा झाली. कुणी बरोबरची खूण केलीय. कुणी 'सी' भरून त्यावर फुली मारून 'डी' भरलाय. कुणी व्हाइटनर लावलाय, आणि तो कागदापेक्षाही पांढरा चमकतोय. वाकडच्या त्या सरांच्या फोनवर अशी शीट आली की पिवळी चौकट यायची आणि तेवढा गोल मोठा होऊन समोर यायचा. सर बघायचे, ठरवायचे, पुढे जायचे. माझ्या मते चांगल्या रचनेची खूण हीच. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव गोलांवर झटकन निर्णय घेणारं यंत्र कुणीही बनवील. उरलेल्या दोन गोलांपाशी थांबून माणसाला हाक मारणारं यंत्र बनवायला मुलांविषयी आस्था लागते.

आपल्याकडे या आस्थेची कसोटी पाहणारी परीक्षा म्हणजे शिष्यवृत्ती. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. पूर्वी चौथी-सातवीला असायची, २०१७ पासून पाचवी-आठवीला होऊ लागली, आणि आता पुन्हा चौथी-सातवीकडे वळली. एका पेपरात ७५ प्रश्न, म्हणजे एका शीटवर तीनशे गोल, आणि दीड तासाचा वेळ. पाचवीतलं दहा वर्षांचं मूल आयुष्यात पहिल्यांदा बहुधा इथेच गोल भरायचं. आठवीच्या पेपरात आणखी एक गंमत होती : जास्तीत जास्त वीस टक्के प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असत आणि दोन्ही भरावे लागत. जगभरातल्या बहुतेक गोलवाचक प्रणालींचा पहिला नियम 'एका ओळीत दोन गोल काळे म्हणजे उत्तर बाद' असा असतो. इथे तोच नियम लावला तर हुशार मुलांवर अन्याय होईल. म्हणून आपल्या शाळांसाठी प्रणाली बांधणाऱ्याला 'एकच ठळक काळा शोध' असं लिहून चालत नाही. चारही गोल स्वतंत्रपणे तोलावे लागतात, आणि मग उत्तरसूचीला विचारावं लागतं की या प्रश्नाला एक हवं होतं की दोन.

आकड्यांचा पसारा मोठ्या परीक्षांत डोळे दिपवतो. आपली एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर गेली, पण नीट कागदावर राहिली. ४ मे २०२५ च्या नीटला देशभरातून बावीस लाखांवर मुलं बसली. १८० प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय, म्हणजे एका मुलामागे ७२० गोल. गुणाकार केला तर दीडशे कोटींहून जास्त गोल होतात, आणि त्यातल्या प्रत्येकाला 'तू भरलेला की रिकामा' हे विचारलं गेलं. निकालाआधी प्रत्येक मुलाला त्याच्या शीटची स्कॅन केलेली प्रत बघायला मिळते. यंत्राने अमुक उत्तर चुकीचं वाचलं असं वाटलं तर एका प्रश्नाला दोनशे रुपये भरून आक्षेप घेता येतो. यंत्राने जे पाहिलं तेच मुलालाही पाहू देणं ही मला या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत न्यायाची गोष्ट वाटते.

ती गरजही आहे. कारण गोल कितीही अचूक वाचले, तरी वाचलेला आकडा पुढे माणसांच्या हातांतूनच जातो. पुणे पोलिसांच्या सायबर शाखेने डिसेंबर २०२१ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेतला गैरप्रकार उघड केला. अपात्र उमेदवारांचे गुण निकालात वाढवले गेले होते, आणि पुढे २०२२ मध्ये साडेसात हजारांहून जास्त जणांचे निकाल रद्द झाले. त्या परीक्षेसाठी प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्या डीएड-बीएडच्या मुलामुलींची वर्षं त्यात गेली, याचा संताप अजून शमत नाही. म्हणूनच उमेदवाराला घरी नेता येणारी शीटची कार्बनची प्रत मोलाची. राजस्थान लोकसेवा आयोगाने आणखी एक वाट काढली : चार पर्यायांपुढे पाचवा गोल. प्रश्न सोडवायचा नसेल तर तो पाचवा भरायचा. रिकामी ओळच उरली नाही, तर मागाहून कुणी भरणार काय? कोरेपणालाही शाईने सही करायला लावली.

वाकडच्या क्लासमध्ये जे पाहिलं त्याला आज फार खर्च येत नाही. ओपनसीव्ही नावाचं प्रतिमा वाचण्याचं मुक्त भांडार इंटेलमध्ये १९९९च्या सुमारास सुरू झालं. कोपरे शोधणं, चौकोन सरळ करणं, ओत्सुंची रेघ, सगळं त्यात तयार आहे. आयआयटी गुवाहाटीच्या विद्यार्थ्यांच्या टेक्नोथ्लॉन या शालेय परीक्षेसाठी जन्मलेला ओएमआरचेकर हा कार्यक्रमही सर्वांना खुला आहे आणि स्कॅनरच्या प्रतीप्रमाणे फोनचे फोटोही वाचतो. उत्तर प्रदेशात तर सरकारी शाळांतल्या शिक्षकांनी मुलांच्या चाचणीच्या शीट सरल नावाच्या ॲपने आपल्या फोनवरूनच स्कॅन केल्या आहेत. म्हणजे मावळातल्या किंवा खेडमधल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाईंना आपल्या वर्गासाठी हे करायचं असेल, तर मोठं यंत्र आड येत नाही.

अशा कुणासाठी, पाहून-करून कळलेल्या काही गोष्टी इथे सांगतो. चार कोपऱ्यांत ठोकळे ठळक छापा आणि एक वेगळ्या आकाराचा ठेवा. ठोकळ्याच्या भोवती बोटभर कोरी जागा सोडा, नाहीतर शाळेच्या नावाची चौकट त्याला चिकटते आणि फोन गोंधळतो. झेरॉक्सवर गुलाबी रंग मिळणार नाही, तर काळे गोल बारीक रेघेचे ठेवा; आतल्या अक्षराची काळिमा चारही गोलांत साधारण सारखीच पडते, त्यामुळे शेजाऱ्यांशी तुलना करताना ती वजा होते. चकचकीत कागद नको. हजेरी क्रमांक गोलांतही भरून घ्या आणि वर चौकटीत हातानेही लिहून घ्या, म्हणजे एक चुकला तर दुसरा सावरतो. फोटो खिडकीजवळ काढा, डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली नको. आणि पहिल्या काही शीट हाताने तपासून फोनने दिलेल्या मार्कांशी ताडून बघा. फरक आला तर ज्या गोलावर आला तो मोठा करून मुलांनाच दाखवा आणि विचारा, फोनला इथे काय दिसलं असेल?